जनसंपर्काच्या वर्गात आधी ऐकायला शिकवा

२१ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय जनसंपर्क दिन. १९६८ साली याच तारखेला दिल्लीत भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत जनसंपर्काचं काम करणाऱ्यांनी स्वतःसाठी आचारसंहिता स्वीकारली, त्याची ही आठवण. पत्रकारिता शिकवणाऱ्या विभागांत त्या दिवशी एखादं व्याख्यान ठरलेलं असतं. २०२१ मध्ये कोरोनामुळे कॉलेजं बंद होती, म्हणून माझं व्याख्यान मोबाइलच्या पडद्यावरच झालं. बोलून झालं, मुलांच्या शंका चालल्या होत्या, तेवढ्यात नाशिकच्या द्वारका भागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं, ‘मॅडम, झाकिर हुसेनमध्ये ऑक्सिजनची टाकी गळतेय.’ संध्याकाळपर्यंत आकडा कळला. महापालिकेच्या त्या रुग्णालयात प्राणवायू न मिळाल्याने २२ रुग्ण गेले होते.

दोन दिवसांनी पुन्हा पडद्यावर वर्ग भरला तेव्हा त्याच मुलीने विचारलं, ‘मॅडम, त्या दुपारी तिथं जनसंपर्क अधिकारी असता तर त्याने नेमकं काय करायला हवं होतं?’ मी सवयीने टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं उदाहरण सांगायला लागले. १९८२ साली शिकागोत कुणीतरी त्याच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं, सात जण दगावले, कंपनीने देशभरातून बाटल्या परत मागवल्या आणि लोकांचा विश्वास परत मिळवला. जनसंपर्काच्या प्रत्येक पुस्तकात हे उदाहरण असतं. मी अर्ध्यावरच थांबले. फाटकाबाहेर एक बाई उभी आहे, तिचा नवरा आत व्हेंटिलेटरवर आहे, आणि पांढऱ्या धुराचा व्हिडिओ तिच्या मोबाइलवर पोहोचला आहे. तिला पहिलं वाक्य कुणी सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, आणि सांगणाऱ्या माणसापर्यंत आतलं खरं कुणी पोहोचवायचं? या प्रश्नाला बाटल्या परत मागवण्याच्या गोष्टीत उत्तर नाही.

त्या रात्री मी अभ्यासक्रमाची पुस्तिका काढून बसले. मी ती पाच वर्षं शिकवत होते, तरी पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं वाटलं. जनसंपर्क : अर्थ, स्वरूप, व्याप्ती. जनसंपर्काचा इतिहास. जनसंपर्काची साधनं : प्रेसनोट, पत्रकार परिषद, गृहपत्रिका (संस्थेचं स्वतःचं नियतकालिक), प्रदर्शन, माहितीपट. जनसंपर्क अधिकाऱ्याचे गुण. शेवटच्या घटकात एका ओळीत ‘आपत्कालीन जनसंपर्क’ आणि त्यापुढे ‘समाजमाध्यमे’. गृहपत्रिकेला सहा तासिका होत्या आणि आपत्तीला दोन. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या कारखान्यातल्या जनसंपर्क खात्याचा तो आराखडा होता.

आता सगळीकडे हा आराखडा बदलायची भाषा सुरू झाली आहे, आणि ते चांगलंच आहे. नवं शैक्षणिक धोरण आलं, श्रेयांक म्हणजे क्रेडिट आले, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. या निमित्ताने झालेल्या तीन-चार चर्चांना मी गेले. तिथं मागणी एकाच प्रकारची असते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक पेपर घाला, डिजिटल मार्केटिंगचा घाला, रील बनवायला शिकवा, डॅशबोर्ड वाचायला शिकवा. मला यातल्या कशाचंच वावडं नाही. पण हे सगळं जुन्या आराखड्याच्या शेवटी जोडायचं आणि त्याला अद्ययावत अभ्यासक्रम म्हणायचं, याला माझा ठाम विरोध आहे. या धंद्यात सर्वांत मोठा बदल कुठला झाला असेल, तर सांगण्याचं काम स्वस्त झालं आणि ऐकण्याचं काम महाग झालं. आपल्या विद्यापीठांतले अभ्यासक्रम मात्र अजूनही पूर्णपणे सांगण्यावर उभे आहेत. तोल तिथं बदलला पाहिजे.

प्रेसनोटचंच बघा. आजही तीन तासांच्या लेखी पेपरात हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘अमुक कार्यक्रमाची प्रेसनोट तयार करा.’ मुलं काय लिहितात हे नाशिकच्या कुठल्याही बातमीदाराला तोंडपाठ आहे. दीपप्रज्वलन झालं, मान्यवरांनी मोलाचं मार्गदर्शन केलं, प्रास्ताविक यांनी केलं, सूत्रसंचालन त्यांनी केलं, आभार आणखी कुणी मानले, मोठ्या संख्येने नागरिक उपस्थित होते. वृत्तपत्राच्या कार्यालयात मी नऊ वर्षं काढली. रोज संध्याकाळी अशा चाळीस-पन्नास प्रेसनोटा टेबलावर येत. त्यांतल्या कित्येक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच लिहिलेल्या असत आणि पाहुण्यांचं भाषणही त्यांत असे. आज हाच मजकूर मोबाइलवरचा चॅटबॉट अर्ध्या मिनिटात लिहून देतो, शुद्धलेखन सांभाळून. मुलं घाबरून विचारतात, ‘मॅडम, मग आमची नोकरी?’ मी त्यांना सांगते की यंत्राने जे काम उचललं ते माणसानेसुद्धा यंत्रासारखंच केलं होतं. सभागृहात बसून पाहुणे काय बोलले ते ऐकायचं, त्यांनी दिलेला आकडा खरा आहे का ते तपासायचं, आणि या कार्यक्रमामुळे सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या कुणाच्या आयुष्यात काय फरक पडणार हे शोधून पहिल्या ओळीत आणायचं, हे काम यंत्राने उचललेलं नाही. यंत्र सभागृहात नव्हतंच. परीक्षेत मात्र आपण मुलांना ज्याला सर्वांत कमी किंमत उरली आहे तेच विचारतो.

प्रेसनोटचा जन्म अशा कामासाठी झालाही नव्हता. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात पडली, पन्नासहून जास्त माणसं मेली. तेव्हा आयव्ही ली या माजी पत्रकाराने रेल्वे कंपनीला गळ घातली की लपवू नका, काय घडलं ते तुम्ही स्वतः लिहून द्या आणि बातमीदारांना जागेवर घेऊन जा. जगातली पहिली प्रेसनोट म्हणून जिचा उल्लेख होतो ती ही. म्हणजे या साधनाची सुरुवात एका वाईट बातमीपासून झाली, मालकाला अवघड जाईल असं काहीतरी मालकाकडूनच सांगवून घेण्यापासून झाली. ‘जनसंपर्काचा इतिहास’ या घटकात आम्ही लीचं नाव आणि साल पाठ करून घेतो. त्याने रेल्वेच्या अधिकाऱ्यांसमोर बसून काय मांडलं असेल, ते मांडायला काय लागतं, यावर एकही तासिका नाही.

परदेशी उदाहरणं टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण नाशिक जिल्ह्यात राहून जनसंपर्क शिकणाऱ्या मुलाला कांदा शिकवला नाही, तर आपण त्याला काय शिकवलं? केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात ३१ मार्चपर्यंत निर्यातबंदीच आली. मग १८ फेब्रुवारी २०२४ च्या सुमाराला बातमी फिरली की बंदी उठली. लासलगावला १७ तारखेला क्विंटलला सरासरी १२८० रुपये असलेला भाव १९ तारखेला १८०० वर गेला. लगेच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी खुलासा केला की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत ती आहेच. एका अर्धवट बातमीवर दोन दिवसांत क्विंटलमागे पाचशेहून जास्त रुपयांचा फरक. कुणी घाईने माल विकला, कुणी तो धरून ठेवला, कुणी ट्रॅक्टर भरून निघाला आणि वाटेत खुलासा ऐकला.

या प्रकरणात जनसंपर्काचा अख्खा अभ्यासक्रम आहे. निर्णय कुठे झाला, तो कोणत्या भाषेत निघाला, निफाडच्या शेतकऱ्यापर्यंत तो अधिकृतपणे कोण पोहोचवणार होतं आणि प्रत्यक्षात कुणी पोहोचवला, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरच्या बातमीला बाजार समितीने पहिल्या तासात काय उत्तर द्यायला हवं होतं, खुलाशाला वेळ लागला तर ‘आम्ही खात्री करतो आहोत, तोवर हा निर्णय झालेला धरू नका’ एवढं तरी सांगता येतं की नाही. मी हे वर्गात घेतलं तेव्हा चांदवडचा एक मुलगा, जो एरवी शेवटच्या बाकावर बसतो, तो उठून फळ्याशी आला आणि आवक, भाव, निर्यात आणि अफवा यांचा संबंध त्याने आम्हा सगळ्यांना शिकवला. त्याच्या घरी त्या दोन दिवसांत काय बोलणं झालं होतं ते त्याला शब्दश: आठवत होतं.

आणि जनसंपर्काचं उत्तम काम नेहमी पगारी माणूस करतो असंही नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेला किसान सभेचा लाँग मार्च आठवा. हजारो शेतकरी, त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे कितीतरी आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालले. मुंबईच्या वेशीवर पोहोचल्यावर दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ते रात्रीतून चालत आझाद मैदानावर गेले. फोड आलेल्या पायांचे फोटो देशाने पाहिले हे खरं, पण मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले ते त्या रात्रीच्या निर्णयानंतर. आपल्यामुळे समोरच्या माणसाला काय त्रास होईल याचा विचार आधी झाला आणि त्यानुसार कृती बदलली. लोकांशी नातं जोडणं याहून वेगळं काय असतं? पुस्तकात याला ‘द्विमार्गी संवाद’ असं नाव आहे आणि मुलं त्याची व्याख्या चार गुणांसाठी लिहितात.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्याची प्रसिद्धी कशी होणार, बोधचिन्ह काय, जाहिराती कुठे, यावर भरपूर बोललं जाईल. मला त्याआधीचं आठवतं. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मेले. २०१५ मध्ये त्याची धास्ती इतकी होती की पहिल्या पर्वणीला बंदोबस्त फार कडक झाला, माणसं मैलोन्‌मैल चालली, लोक नाराज झाले, आणि पुढच्या पर्वणीआधी तो सैल करावा लागला. हा बदल चांगला होता, कारण लोकांचं कुणीतरी ऐकलं. तपोवनातली झाडं साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तोडायची नोटीस निघाली तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले, त्यांनी हरकती नोंदवल्या, झाडांना मिठ्या मारल्या. त्या हरकती आधी गोळा झाल्या असत्या, आराखडा कागदावर असतानाच वाचल्या गेल्या असत्या तर? हा प्रश्न जनसंपर्क शिकणाऱ्याचा आहे. गर्दीत हरवलेल्या बिहारी म्हाताऱ्याला कळेल अशी पाटी, बंद रस्त्याची पोलिसांकडून आलेली खबर पाच मिनिटांत खरी करून पुढे देणं, ‘पूल पडला’ असा खोटा व्हिडिओ फिरला तर काय करायचं, हे सगळं शिकण्याची एवढी मोठी शाळा बारा वर्षांनी एकदा आपल्या दारात भरते. नाशिकच्या कॉलेजांच्या अभ्यासक्रमात तिला एक ओळसुद्धा नाही.

आता कायद्याकडे येते. इथं जुना अभ्यासक्रम नुसता अपुरा नाही, धोक्याचा आहे. आमच्या मुलांना पदवी मिळून दोन महिने होत नाहीत तोच कुठल्यातरी बिल्डरसाठी किंवा क्लाससाठी इन्फ्लुएन्सर शोधायचं काम अंगावर पडतं. पैसे घेऊन केलेल्या शिफारशीत तसं स्पष्ट सांगावं लागतं, हे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२१ पासून बंधनकारक मानलं आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तीच चूक केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. हे मुलांना कामावर गेल्यावर, कुणी नोटीस पाठवल्यावर कळतं. फोन नंबरांच्या याद्या तर पेढ्यांसारख्या वाटल्या जातात. सोसायटीची यादी, शाळेतल्या पालकांची यादी, रुग्णांची यादी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीशिवाय अशा याद्या वापरण्याला आर्थिक दंडाची तरतूद आहे, आणि या कायद्यातला सर्वांत मोठा दंड २५० कोटींपर्यंतचा आहे. सरकारी जनसंपर्कात जाणाऱ्या मुलाला माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ पाठ हवं. कुणी मागण्याआधीच स्वतःहून माहिती जाहीर करा, असं ते कलम २००५ पासून सांगतं. मला विचाराल तर शासकीय जनसंपर्काची याहून चांगली व्याख्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

मोजमापाचं दुखणंही तितकंच जुनं आहे. क्लायंटला महिन्याच्या शेवटी कात्रणांची फाइल द्यायची, कॉलम सेंटिमीटर मोजायचे, त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचं, आणि बातमीवर लोकांचा विश्वास जास्त असतो म्हणून वर पुन्हा तीनने गुणायचं. मी स्वतः अशा फाइली केल्या आहेत. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या मोजमाप करणाऱ्यांनीच एकत्र येऊन जाहीर केलं की जाहिरातीचा दर म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे. इतक्या वर्षांनंतर आम्ही वर्गात अजून तेच गणित सोडवतो, आणि नवे पेपर जोडणारे सेंटिमीटरच्या जागी व्ह्यूज लिहायला सांगतात. दोन्हींत चूक एकच. किती लोकांपर्यंत गेलं हे मोजलं, लोकांनी काय केलं हे मोजलं नाही. लसीकरणाच्या रीलला दोन लाख व्ह्यूज मिळाले आणि नाशिकच्या वडाळ्यातल्या केंद्रावर बायका आल्या नाहीत, तर रील फसली. त्या का आल्या नाहीत हे विचारायला वडाळ्याला जावं लागतं.

तिथं गेल्यावर भाषेचा प्रश्न येतो. नाशिक जिल्ह्यात भाषा एक नाही. कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात अहिराणी आहे, पेठ-सुरगाण्यात कोकणा आहे, मालेगावात उर्दू वाचणारं मोठं शहर आहे, सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत हिंदी आणि भोजपुरी आहे. आणि कार्यालयांतून निघणाऱ्या मराठीला तर कुणाचीच मातृभाषा म्हणता येणार नाही. ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार असून नागरिकांनी सहकार्य करावे.’ मी मुलांना हे वाक्य देते आणि आपल्या आजीला फोनवर सांगायचं आहे असं समजून लिहायला लावते. ‘शनिवारी दिवसभर पाणी नाही. शुक्रवारी रात्री भरून ठेवा. रविवारी सकाळी येईल, पण कमी दाबाने.’ याला अर्धा तास लागतो, कारण शुक्रवारी कधीपर्यंत भरायचं आणि रविवारी किती वाजता येणार हे मूळ नोटिशीत नसतंच, ते पाणीपुरवठा खात्याला विचारावं लागतं. चॅटबॉटला हीच नोटीस सोपी करायला सांगितली तर तो शब्द सोपे करतो. वेळ कुठली ते त्याला माहीत नसतं, आणि कधीकधी तो स्वतःच्या मनाने वेळ घालून मोकळा होतो. हे मुलांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की यंत्र कुठे वापरायचं आणि कुठे नाही यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

माझं म्हणणं न पटणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एजन्सी चालवणारे मित्र म्हणतात, ‘आम्हाला पहिल्या दिवशी कामाला लागेल असा मुलगा हवा, तत्त्वज्ञ नको.’ त्यांची अडचण खरी आहे. नव्या मुलाला सहा महिने शिकवत बसणं छोट्या एजन्सीला परवडत नाही. पण त्याच मित्रांना मी विचारते की गेल्या दोन वर्षांत तुम्ही कुणाला काढलंत आणि का? साधन येत नव्हतं म्हणून काढलेला एकही सापडत नाही. खोटा आकडा न तपासता पुढे पाठवला, क्लायंटला ‘हे करू नका’ असं वेळेवर सांगितलं नाही, चिडलेल्या ग्राहकाला चिडून उत्तर दिलं, ही कारणं निघतात. साधनं मुलं आठवड्यात शिकतात. आज शिकवलेलं साधन तिसऱ्या वर्षापर्यंत टिकेल याची हमी कुणीच देणार नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त लागतो. काही प्राध्यापक म्हणतात की जनसंपर्क म्हणजे खोटं गोड करून सांगण्याची विद्या, विद्यापीठाने तिला जागाच का द्यावी? असा जनसंपर्क मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. पण विद्यापीठाने दार लावलं म्हणून हे काम थांबणार नाही. ते फक्त शिकवलेल्या माणसांऐवजी न शिकवलेल्या माणसांच्या हाती जाईल. द्राक्ष बागायतदारांच्या कंपन्या, वाइनरी, रुग्णालयं, शाळा, ग्रामपंचायती, सहकारी बँका, नाशिकमध्येच या कामाला माणसं लागतात आणि लागणार. बँकेबद्दल अफवा उठली आणि ठेवीदार दारात जमले की त्या दिवशी बँकेत कसा माणूस आहे यावर बरंच काही ठरतं. ‘साहेब, हे लोकांना सांगावंच लागेल’ असं वरिष्ठाला तोंडावर म्हणणं ही गोष्ट शिकवता येते. भूमिका वाटून, सराव करून, चुकून, पुन्हा करून. वैद्यकीय कॉलेजात मुलं शव समोर ठेवून शिकतात, मग आम्ही अवघड संभाषण समोर बसवून का शिकवू नये?

मग विद्यापीठाने नेमकं करायचं काय? अभ्यासक्रमाचा निम्मा भाग घट्ट ठेवा आणि निम्मा मोकळा सोडा. घट्ट भागात ऐकण्याच्या पद्धती, पडताळणी, कायदा, आचारसंहिता, भाषा आणि मोजमाप असावं. हे दहा वर्षं बदललं नाही तरी चालेल. मोकळ्या भागाची फक्त शीर्षकं अभ्यास मंडळाने मंजूर करावीत, आतला मजकूर विभागाने दरवर्षी जूनमध्ये ठरवावा. आज एखादं प्रकरण बदलायचं तर अभ्यास मंडळ, विद्या परिषद असा प्रवास होईपर्यंत ते साधन बाजारातून गेलेलं असतं. तीन तासांचा लेखी पेपर निम्म्यावर आणा. ओजेटीचं प्रमाणपत्र ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणायची पद्धत बंद करा. त्याऐवजी विभागाने स्वतः बाजार समिती, महापालिकेची विभागीय कार्यालयं, रुग्णालयं यांच्याशी लेखी करार करावेत.

आणि शिकवणाऱ्यांचं बघा. जनसंपर्क शिकवणारे आम्ही बहुतेक जण तासिका तत्त्वावर आहोत. तासाचा पैसा मिळतो, तोही महिनोन्‌महिने उशिराने, आणि दर जूनला पुन्हा मुलाखत द्यावी लागते. अशा माणसाने दरवर्षी नवा मजकूर तयार करावा, मुलांना घेऊन लासलगावला जावं, वह्या तपासाव्यात अशी अपेक्षा ठेवायची, तर त्याला त्या कामाचे तास मोजून दिले पाहिजेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये प्रत्यक्ष कामाचा दीर्घ अनुभव असलेल्यांना पीएचडीशिवाय प्राध्यापक म्हणून नेमण्याची वाट उघडली आहे. निवृत्त जिल्हा माहिती अधिकारी किंवा मुंबईतून परतलेला एजन्सीवाला त्या वाटेने नाशिकच्या वर्गात येऊ शकतो. मला असा एकही अजून भेटलेला नाही.

नाशिकला एक गोष्ट आयती मिळाली आहे. गंगापूर धरणाजवळ १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि म्हसरूळला १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ. दोघांची मुख्यालयं एकाच शहरात. मुक्त विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ आणि त्याचा विद्यार्थी बहुधा आधीच नोकरीत असतो. ग्रामपंचायतीत, बँकेत, पोलिसांत, शाळेत रोज लोकांसमोर बसणारा हा माणूस खऱ्या अर्थाने जनसंपर्कात आहे, फक्त त्याच्या पदाला ते नाव नाही. त्याच्यासाठी सहा महिन्यांचा, मराठीतला, कामावर राहून करता येईल असा अभ्यासक्रम हवा. आणि आरोग्य विद्यापीठाने त्यात हात घातला तर निवासी डॉक्टर, परिचारिका आणि जनसंपर्क शिकणारी मुलं एका खोलीत बसून वाईट बातमी कशी सांगायची याचा सराव करू शकतील. २१ एप्रिल २०२१ च्या त्या दुपारबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मला एकटीला देता आलं नाही. ते अशा खोलीत मिळण्याची शक्यता आहे.

तोवर मी माझ्यापुरतं एक काम सुरू केलं आहे. वर्गातली मुलं दर बुधवारी दोन तास कुठल्यातरी खिडकीपाशी बसतात. सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकावरची चौकशी खिडकी, सरकारी रुग्णालयातली केसपेपरची रांग, घरपट्टी भरायची खिडकी. मोबाइल बंद. हातात वही. लोक जे विचारतात ते जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत उतरवायचं. गेल्या महिन्यातल्या एका वहीत रुग्णालयाच्या रांगेतलं पान आहे. ‘डॉक्टर बोलले खाली जा. खाली म्हणजे कुठं?’ हा एकच प्रश्न दोन तासांत अकरा जणांनी विचारला होता. तिथं इमारती दोन आहेत, जिने तीन, आणि पाटीवर ‘तळमजला’ लिहिलं आहे. मुलीने पाटीचा नवा मजकूर लिहिला, सोबत रंगीत पट्टीचं चित्र काढलं, आणि रांगेतल्याच एका कोकणा बोलणाऱ्या आजींना ते दाखवून ‘कळतंय का’ विचारलं. आजी नाही म्हणाल्या. तिने पुन्हा लिहिलं. वहीत चारही मसुदे आहेत, खाडाखोडीसकट.

सध्याच्या नियमांप्रमाणे या वहीला अंतर्गत मूल्यमापनात मला पाच गुण देता येतात. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी मी पत्र पाठवलं आहे. वहीला चार श्रेयांक द्या, आणि प्रेसनोटच्या प्रश्नाचे पंधरा गुण त्यासाठी काढून घ्या, एवढीच मागणी त्यात आहे. पत्रासोबत त्या चार मसुद्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.